इब्राहिमभाईंची बारी

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळी पावणेपाच ते सहा. जागा : फरवानिया, इब्राहिमभाईंची खोली. हजर : इब्राहिमभाई, नाईक सर, फरीदा, दीपक, सुधीर, मी. सातवी गादी रिकामी. विषय : न बोलावलेला पाहुणा. सुचवणार : इब्राहिमभाई. कोकमाचं प्रमाण : एकास चार. पाच जणांच्या बाऱ्या झाल्या. इब्राहिमभाईंची बारी वेळेअभावी पुढील बैठकीत.

हे मी आमच्या बैठकीच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. वही माझ्याकडे असते, अक्षर माझं आहे आणि शेवटचं वाक्यही माझंच आहे. पुढची बैठक पाच डिसेंबरला होती. अठरा नोव्हेंबरला, मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमारास ऑफिसात फोन आला. इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, केला होता. इब्राहिमभाईंना न्यायला आलेला ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवून थकला, मग दोघे वर गेले, मग दार उघडलं... फोन माझ्या टेबलावर आला, कारण आपत्कालीन संपर्काच्या यादीत त्यांच्या नावापुढे कुवेतमधला नंबर म्हणून माझा नंबर होता. ती यादी कंपनीसाठी मीच केली होती. ‘इथे कुणाचं नाव घालू, भाई?’ असं विचारल्यावर ते म्हणाले होते, ‘तुमचंच घाला मेधाताई. तुम्ही फोन उचलता.’

मी फोन उचलला.

इब्राहिमभाई आमच्या कंपनीचे मंदूब होते. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीची आणि कामगारांची कागदपत्रं फिरवणारा माणूस. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याचं नूतनीकरण, बदल्या, शिक्के, टोकन, रांगा. दापोलीकडच्या समुद्रकाठच्या गावातून विशीत आले, आधी एका दुकानात, मग आमच्याकडे. मी चौदा वर्षांपूर्वी रुजू झाले तेव्हा माझ्या कागदांवर नाव एका अक्षराने चुकलं होतं. ते दुरुस्त करायला आम्ही दोघं एका कचेरीत तीन तास बसलो होतो. मी तीन तासांत चार याद्या केल्या. त्यांनी शर्टाच्या आतून घडी केलेली झेरॉक्सची पानं काढली आणि वाचत बसले. मला वाटलं, नियमावली असेल. विचारलं तर म्हणाले, ‘ग्रीक लोक जेवणानंतर काय करत, त्याचं आहे.’ मी पुढे काही विचारलं नाही. माझ्या यादीत ते बसत नव्हतं.

त्यांना हा नाद फैलाकाने लावला. फैलाका हे कुवेतसमोरचं बेट. सालमियाहून बोट जाते. कंपनीच्या सहलीला सगळे उंटाबरोबर फोटो काढत होते आणि इब्राहिमभाई उन्हात एका कुंपणाच्या आत दगडी चौथऱ्यांकडे बघत उभे होते. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीक लोक तिथे येऊन राहिले होते. किल्ला होता, देऊळ होतं. इब्राहिमभाई मला म्हणाले होते, ‘घरापासून इतके लांब आलेले लोक. बायकामुलं तिकडे. कॅम्पच तो. हे संध्याकाळी काय करत असतील?’ मी म्हटलं, ‘आपल्यासारखेच कंटाळत असतील.’ ते हसले नाहीत. ‘ते शोधायला पाहिजे,’ म्हणाले. आणि नंतरची सगळी वर्षं त्यांनी तेच शोधलं. इतिहासाची पदवी रत्नागिरीच्या कॉलेजात अर्धी सोडून आलेला माणूस. जुनी पुस्तकं मिळतील तिथून मागवायचा, एकेक पान शब्दकोश घेऊन वाचायचा.

मग एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा सुधीर, अबू हलीफात राहणारे गणिताचे नाईक सर, श्रीवर्धनची फरीदा, जी इथे नर्स आहे, आणि संगमेश्वरचा दीपक, एसीची कामं करणारा. आम्हा सगळ्यांचे कागद कधी ना कधी इब्राहिमभाईंनी केले होते. एवढीच आमची ओळख. समोरच्या खोलीत तीन भिंतींना लागून सात गाद्या घातल्या होत्या, प्रत्येकीवर एक लोड. मधे स्टुलावर बिर्याणीचं मोठं, रिकामं पातेलं. दीपक म्हणाला, ‘भाई, दिवाणिया उघडलीत की काय?’ कुवेती लोकांची अशी बैठकीची खोली असते, तिला दिवाणिया म्हणतात. इब्राहिमभाई म्हणाले, ‘तेच तर. ग्रीकांची खोलीपण अशीच होती. भिंतीला लागून सात पलंग, डाव्या कोपरावर रेलायचं, मधे घडा. यांनी त्यांच्याकडून घेतलं म्हणत नाही मी. पण माणसाला बोलायला बसवायचं तर असंच बसवावं लागतं. तोंडं एकमेकांकडे.’

पातेल्यात त्यांनी आमच्यासमोर कोकमाचं आगळ ओतलं आणि मोजून पाणी घातलं. पाच वेळा नमाज पढणारा, जन्मात दारूला न शिवलेला माणूस, जिथे दारूला बंदी आहे त्या देशात, आम्हाला ग्रीकांच्या मद्यपानाच्या बैठकीचे नियम समजावत होता. ग्रीक लोक वाइन पाणी घातल्याशिवाय पीत नसत. तशीच पिणारा तो रानटी. पाणी किती घालायचं ते एकाला निवडून त्याच्यावर सोपवायचं आणि त्याने ठरवलं ते सगळ्यांनी मानायचं, कारण कुणी किती शुद्धीत राहायचं हे त्यावर ठरे. प्याला उजवीकडे सरकायचा आणि त्याच्याबरोबर बोलणंही. विषय एकच. ज्याच्याकडे प्याला आला त्याने बोलायचं, आधीच्याला उत्तर देऊन पुढे जायचं, टाळायचं नाही. यालाच इब्राहिमभाई बारी म्हणत. दीपक गावी डबलबारीच्या भजनाला बसलेला. तो लगेच म्हणाला, ‘म्हणजे समोरच्याने टाकलेलं उचलून परत द्यायचं.’ इब्राहिमभाईंनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. ‘मना हे एका ओळीत सांगायला जमत नव्हतं!’

फरीदाने मधेच विचारलं होतं, ‘चाचा, या तुमच्या ग्रीकांच्यात बायका बसायच्या?’ खोटं बोलणं त्यांना जमत नसे. म्हणाले, ‘घरच्या नाही. बासरी वाजवायला आणायचे भाड्याने. आणि वाढायला गुलाम. ते उभे राहायचे, हे रेलून न्यायावर बोलायचे.’ ‘मग आम्ही कशाला?’ ‘ती त्यांची चूक. आपण कशाला करायची? वाढायला मी आहे ना.’ खरोखर, शेवटपर्यंत सगळ्यांचे पेले तेच भरत.

सातव्या गादीवर कुणी बसत नसे. ग्रीकांकडे म्हणे न बोलावलेला पाहुणा यायचा, कुणाचा तरी मित्र, कुणी वाटेवर भेटलेला, आणि त्याला जागा द्यावी लागायची. म्हणून ती रिकामी. आम्ही तिच्यावर डबे ठेवायचो.

हे सगळं गमतीचं वाटेल, आणि पहिले काही महिने गमतीचंच होतं. प्याल्यातला तळाचा थेंब उडवून नेम साधायचा खेळही त्यांच्यात होता. तो दीपकने एकदा करून पाहिला आणि एसीखालच्या भिंतीवर कोकमाचा जांभळा फराटा कायमचा उमटला. पण हळूहळू बाऱ्यांमधून वेगळंच बोलणं यायला लागलं. दीपकने ‘भीती’ या विषयावर आपला मुलगा व्हिडिओ कॉलवर त्याला काका म्हणाला ते सांगितलं. नाईक सरांनी, आयुष्यभर हिशेबाने बोलणाऱ्या माणसाने, एका विद्यार्थ्याला विनाकारण नापास केल्याचं सांगितलं. कुणी सांत्वन करत नसे. पुढचा त्याला उत्तर देई आणि विषय आणखी खोल जाई. एक नियम आपोआप पडला : बारीत बोललेलं बाहेर काढायचं नाही, आणि बाहेर जे विचारता येत नाही ते बारीत ठेवायचं. इब्राहिमभाई म्हणत, ‘एकटा माणूस फक्त मत बाळगतो. विचार करायला दुसरा लागतो.’ ते स्वतः याच्यावर चालत. धाकट्या मुलीचं लग्न, गावच्या घराची वाटणी, काहीही मोठं ठरवायचं असलं की आधी बारीत मांडत, आम्हा पाच जणांना त्यावर बोलू देत आणि मगच ठरवत. बारीबाहेर स्वतःविषयी एक शब्द नाही.

आता माझ्या भागाकडे येते.

पहिल्या वर्षी बैठका लांबत. नाईक सर वीस-वीस मिनिटं बोलत, दीपकची कामगार कॅम्पची बस चुके. मला ते सहन होईना. मी सुधारणा सुचवल्या. विषय आठवडाभर आधी ग्रुपवर. बरोबर पावणेपाचला सुरुवात. प्रत्येकी बारा मिनिटं. सहाला समाप्ती. मी घरातलं अंडी उकडायचं घड्याळ घेऊन यायला लागले आणि इतिवृत्त लिहायला लागले. इब्राहिमभाई एवढंच म्हणाले, ‘ग्रीकांच्या कोर्टात वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ असायचं. बैठकीत नसायचं.’ मी म्हटलं, ‘त्यांना कॅम्पची बस नव्हती.’ सगळे हसले. तेही हसले. घड्याळ पातेल्याशेजारी बसलं.

यजमानाची बारी शेवटी, हा त्यांचा नियम. प्याला त्यांच्याकडून निघून उजवीकडे फिरत त्यांच्याकडेच परत यायचा. माझा नियम सहाचा. दोन्ही नियम एकत्र आले की काय होतं, ते मला, याद्या करणाऱ्या बाईला, चार वर्षांत दिसलं नाही. प्रत्येकजण दोन-तीन मिनिटं जास्त घेई आणि ती सगळी मिनिटं एकाच माणसाच्या वाट्यातून कापली जात. ते गेल्यानंतर मी वही पहिल्या पानापासून वाचली. ‘इब्राहिमभाईंची बारी वेळेअभावी पुढील बैठकीत.’ हे वाक्य किती वेळा आलंय ते मोजलं. तो आकडा इथे लिहीत नाही. मला तो पाठ आहे.

सात नोव्हेंबरला विषय त्यांनी स्वतः सुचवला होता. असं ते क्वचित करत. कोकम एकास चार केलं होतं. एरवी हलक्या विषयाला एकास आठ, जड विषयाला एकास सहा. दीपकने पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, ‘भाई, आज काय खून करताय काय?’ मी ते प्रमाण वहीत लिहिलं. लिहून पुढे गेले. सगळे पाहुण्यांवर छान बोलले. फरीदाने श्रीवर्धनहून न कळवता आलेल्या नणंदेची गोष्ट सांगून आम्हाला पोट धरून हसवलं. नाईक सर तर म्हणाले, ‘खरं तर या देशात आपणच सातव्या गादीवर आहोत,’ आणि त्यावर लांबले. मी घड्याळ दोनदा वाजवलं. पावणेसहाला सुधीरची बारी. तो बोलत होता तेव्हा इब्राहिमभाई सातव्या गादीवरचे डबे उचलून बाजूला ठेवत होते. गादी झटकली. चादर सरळ केली. मला वाटलं, आवराआवर सुरू झाली. सहाला दोन कमी असताना प्याला त्यांच्याकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, ‘हं...’

मी चमचा पातेल्यावर वाजवला. ‘भाई, दोन मिनिटांत काय होणार तुमचं? दीपकची बस आहे. पुढच्या वेळी तुमच्यापासूनच सुरुवात करू.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मंदूब लोक खिडकी बंद झाल्यावर जसं पाहतात तसं. उद्या परत यायचं, एवढंच. ‘बरं,’ म्हणाले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

दारात चपला घालताना मला काय वाटलं कुणास ठाऊक, विचारलं, ‘काही विशेष होतं का, भाई?’

‘होतं.’

‘मग सांगा ना आत्ता.’

‘नाही हो मेधाताई. बारीतलं बारीत. दारात सांगितलं तर ते नुसतं गाऱ्हाणं होतं.’ आणि हसून, ‘लिहून ठेवा, पहिला नंबर माझा.’

मी लिफ्टमध्येच मोबाईलवर लिहिलं : ५ डिसेंबर, १. इब्राहिमभाई.

कुवेतमध्ये माणूस गेला की काय काय कागद लागतात, ही यादी माझ्या फाईलमध्ये तयार होती. काही वर्षांपूर्वी साइटवरचा एक माणूस गेला तेव्हा इब्राहिमभाईंनीच ती मला सांगितली होती, एकेक पायरी, कुठली खिडकी आधी, कुठला शिक्का नंतर, कुठे सकाळी आठच्या आत जायचं. ‘आपण घाबरतो तेव्हा यादी कामाला येते,’ म्हणाले होते. त्यांच्याच यादीने मी त्यांचे कागद केले. एकही फेरी वाया गेली नाही. खिडकीवरच्या एका माणसाने नाव वाचून मान वर केली. ‘इब्राहिम? मंदूब?’ मी होकार दिला. त्याने शिक्का मारला आणि बराच वेळ कागद हातातच धरून ठेवला. झुबेदाभाभींनी गावाहून कळवलं की मय्यत तिथेच करा, त्यांना आता आणखी प्रवास नको. सुलैबिखातच्या कबरस्तानात दफन झालं. फरीदा आणि मी लांब गाडीत बसून होतो.

खोली रिकामी करायला कंपनीने चार दिवस दिले. कपडे मी आणि फरीदा घड्या करत होतो. हँगरला पांढरा शर्ट होता, सात तारखेच्या बैठकीत घातलेला, तोच. खिशात कागदाची पट्टी. त्यांच्या बारीक अक्षरात चार ओळी. एक : ग्रीकांचा न बोलावलेला पाहुणा, त्याला जागा का देत. दोन : फैलाका. तीन : माझी छाती, डॉक्टरचं म्हणणं. चार : सगळ्यांना विचारणे, ऑपरेशन इथे करू की गावी जाऊन.

टेबलाच्या खणात हॉस्पिटलचे कागद होते. ऑक्टोबरचे. फरीदाने उभ्या उभ्या वाचले आणि मग गादीवर बसली. सातव्या. ‘ताई, यात तातडीने लिहिलंय. दाखल व्हा म्हणून लिहिलंय. हे मी ऐकलं असतं ना, तर बस गेली खड्ड्यात, मी त्यांना त्याच संध्याकाळी हात धरून नेलं असतं.’ तिला त्या वेळी माझ्याविषयी काही म्हणायचं नव्हतं. ते मला कळत होतं. त्याने काही फरक पडला नाही.

लोक समजूत घालतात. सुधीर म्हणतो, मोठा माणूस होता, त्याने आपलं आपण हॉस्पिटलात जायला हवं होतं. नाईक सर म्हणतात, अकरा दिवसांत काय घडलं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. दोघांचंही बरोबर असेल. पण इब्राहिमभाईंनी आम्हाला काहीतरी सोपवायला हातात धरलं होतं, आणि ते घ्यायला दोन मिनिटं कमी आहेत असं मी सांगितलं. एवढं मला माहीत आहे. त्यात अंदाज काही नाही.

झुबेदाभाभींना मी सगळं फोनवर सांगितलं. चिठ्ठी वाचून दाखवली, चमच्याचंही सांगितलं. मी कधी कुणापासून नोंद लपवलेली नाही. पलीकडून कोंबड्यांचे आवाज येत होते. मग त्या म्हणाल्या, ‘मना ठावं नव्हतं छातीचं. घरात नाय सांगितलान. तुमच्यात सांगणार होते, म्हणजे तुमी त्यांचे किती जवळचे.’ मला वाटलं होतं त्या मला बोलतील. त्यांनी बोलायला हवं होतं. शेवटी म्हणाल्या, ‘एक काम करा. ती बैठक घ्या. त्यांची बारी द्या त्यांना. पूर्ण द्या. कोण बोलू नका. मी फोनवर बसून र्‍हाते.’

मी हो म्हटलं. चिठ्ठीतल्या चार ओळी वाचायच्या आणि मग बारा मिनिटं गप्प बसायचं, एवढंच काम आहे. नाईक सरांनी दोनदा विचारलं. दीपक म्हणाला, ‘बसची काळजी करू नका, मी टॅक्सीने जाईन.’ मधल्या काळात ती खोली हारिसने रंगवून घेतली. एसीखालचा कोकमाचा फराटा गेला. नवा भाडेकरू आला. त्यामुळे जागा आता आमची, सालमियातली. एकहाती अख्ख्या कंपनीचं वार्षिक संमेलन तीन दिवसांत उभं करणारी बाई मी. भाभींना हो म्हटल्याला आज सात आठवडे झाले.

वहीत पान तयार आहे. जागा : सालमिया, आमचं घर. हजर : नाईक सर, फरीदा, दीपक, सुधीर, मी. फोनवर : झुबेदाभाभी. पातेलं माझ्याकडे आहे. आगळाची बाटली अर्धी आहे. गाद्या सहा आहेत, सातवी शेजारून आणायची. कोकमाचं प्रमाण : एकास चार. पहिली बारी : इब्राहिमभाई. घड्याळ : नाही. सगळ्या रकान्यांपुढे खूण झाली आहे. एक राहिला आहे, अगदी वरचा. बैठक लांबल्याचं कारण म्हणून मी ‘वेळेअभावी’ लिहायला गेले आणि पेन थांबलं. वेळ आहे.

तारीख :